जीभ फसत नाही

"लान वहिनी, यात तिरफळ आहे कुठं?"

वेनमास्तरांनी नूडल्सचा वाडगा दोन बोटांनी पुढं ढकलला. सकाळचे सात वाजले होते. नदीकडच्या रस्त्यावर धुकं अजून हललं नव्हतं आणि टपरीतल्या सहा स्टुलांपैकी पाच भरलेली होती.

"दोन चमचे घातलंय, मास्तर. तुमच्या डोळ्यांदेखत."

"घातलंस ते काय? भुसा? जिभेला एक मुंगी आली असेल तर शपथ."

लान वहिनींनी झारा कढईच्या काठावर आपटला. "गेल्या महिन्यात माझं तेल शिळं होतं. त्याआधी शिरका पाणचट होता. आता तिरफळ मेलं. उद्या म्हणाल, ही लान वहिनीसुद्धा डुप्लिकेट आहे, खरी आत बांधून ठेवलीय."

सगळे हसले. शेजारच्या स्टुलावरचा ट्रकवाला तर हसता हसता नाक पुसत होता. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते आणि ओठ इतके बधिरले होते की त्याला धड हसताही येईना. मास्तरांनी ते पाहिलं आणि त्यावरून एवढाच निष्कर्ष काढला की वहिनींकडे दोन बरण्या आहेत आणि गिऱ्हाईक पाहून त्या बरणी बदलतात.

वेन बोचांग यांचा संशय हा स्वभाव होताच, पण त्याहून जास्त तो त्यांचा धंदा होता. तालुक्याच्या देशी औषधांच्या रुग्णालयात त्यांनी औषधाच्या खिडकीमागे अडतीस वर्षं काढली होती. साठीला निवृत्त झाल्यावर रुग्णालयानं त्यांना पुन्हा बोलावून घेतलं ते एकाच कामासाठी, आलेला माल तपासायला. कुठली मुळी गंधकाची धुरी देऊन गोरी केली आहे, कुठल्या सालीत भलत्याच झाडाची साल मिसळली आहे, कुठला बचनाग खारात मुरवून वजनाला चढवला आहे, हे ते गोणीचं तोंड उघडताच सांगत. त्यांच्या गुरूंनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, डोळा फसतो, नाक फसतं, जीभ फसत नाही.

बचनागाच्या बाबतीत तर जिभेशिवाय इलाज नव्हता. कच्चा बचनाग म्हणजे जहर. तो भिजवायचा, वाफवायचा, काप करून वाळवायचा, तेव्हा कुठं तो खचलेल्या हृदयाला ऊब द्यायच्या कामाला येतो. चांगल्या कापाचा कण जिभेच्या टोकावर ठेवून शंभर आकडे मोजले की बारीकशी झिणझिणी यायला हवी. फार आली तर माल कच्चा. अजिबात नाही आली तर धुऊन धुऊन त्यातला जीव काढून घेतलेला.

आणि गेलं वर्षभर बचनाग मेलेलाच येत होता. नुसता बचनागच कशाला, दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात घरोघर तो ताप येऊन गेला तेव्हापासून सगळंच उतरणीला लागलं होतं असं मास्तरांचं ठाम मत होतं. मिरचीला तिखटपणा राहिला नव्हता, चहा म्हणजे गरम पाणी झालं होतं. तापातून लोकांची अंगं सावरली, दानती बिघडल्या, असं ते म्हणत.

त्या दिवशी गुओ गोणी घेऊन आला. गुओ हा डोंगरातल्या गावांतून माल उचलून रुग्णालयाला पुरवणारा माणूस, पोट सुटलेला, सदा घाईत. मास्तरांनी एक काप उजेडात धरला, हुंगला, कडा मोडली आणि कण जिभेवर ठेवून डोळे मिटले. खिडकीपाशी रांगेतले लोकही माना उंच करून बघू लागले. शंभर झाले. दीडशे झाले.

"मेलेला," मास्तर म्हणाले.

"मास्तर, या वर्षातली ही चौथी गोणी. तीन परत नेल्या मी." गुओनं कागद पुढं केला. "प्रयोगशाळेचा दाखला आहे बघा, शिक्क्यासकट."

"कागद चाटून मुंग्या येतात का?"

हूबाई पलीकडच्या फळीशी उभ्या होत्या. खिडकीत काट्यावर बांधलेली प्रत्येक पुडी फेरतपासायचं काम त्यांचं. त्यांनी सहज एक कण तोंडात टाकला आणि थोड्या वेळानं तो रुमालात थुंकला.

"मला तर येताहेत, मास्तर. बारीकशा. जशा यायला हव्यात तशा."

"तुला काय, बोनसच्या दिवशीही मुंग्या येतात."

मास्तरांना आठवलं की गेल्या आठवड्यात हूबाईंच्या सायकलच्या टोपलीत संत्र्यांची पेटी होती आणि गुओचा भाऊ संत्र्यांच्या बागा राखतो. दोन अधिक दोन चार व्हायला वेळ लागला नाही. पण रुग्णालयातला बचनाग संपत आलेला आणि दाखला खरा, म्हणून वरून गोणी घ्यायचा हुकूम आला. मास्तरांनी नमुन्याची मूठभर पुडी मात्र खिशात घातली. पुढंमागं गुओला पकडायला पुरावा असावा म्हणून.

एरवी एवढं मनाला लावून घेतलं नसतं त्यांनी. पण हा बचनाग या वेळी त्यांच्या घरात जाणार होता.

त्यांच्या बायकोला, रुईयिंगला, आठ महिन्यांपासून धाप लागत होती. नदीकाठच्या चौकात रोज संध्याकाळी बायका रेडिओ लावून नाचायच्या, त्यात पहिल्या रांगेत मधोमध असायची ती. तीन वर्षं तिची ती जागा कुणाला घेता आली नव्हती. आता चौथ्या मजल्यावरच्या घरी पोचायला तिला तीनदा थांबावं लागे, आणि संध्याकाळी मोजे काढले की सुजलेल्या पायावर त्यांची नक्षी उमटलेली असे. चौकातलं गाणं खिडकीतून वर यायचं. ती खिडकी लावून घ्यायची आणि म्हणायची, "काय तो गोंगाट." मास्तरांना ते ऐकवत नसे. वसंतापर्यंत ती परत पहिल्या रांगेत उभी राहायला हवी, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं होतं.

औषध लिहून देणारी शिन डॉक्टरीण पस्तिशीची होती, प्रांताच्या मोठ्या शहरात शिकून आलेली. तिनं रुईयिंगची नाडी पाहिली, जीभ पाहिली, मग यंत्रावर हृदयही पाहिलं, आणि कागदावर एक वांग्यासारखं चित्र काढलं.

"ही हृदयाची एक पेशी, मावशी. हिच्यात अशा हजारो बारीक चुली असतात. आम्ही त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतो. तुमच्या मास्तरांच्या पोथीत लिहिलंय ना, हृदयाची आच मंदावली? ती आच म्हणजे मला तरी याच चुली वाटतात. जळण असतं, पण ते नीट जाळता येत नाही. काढ्यात लिहिलीय ती पिवळी मुळी दिली की चुली जरा सुधारतात, असं आम्हाला उंदरांमध्ये दिसलंय."

"उंदरांची नाडी कुठं बघता?" मास्तरांनी विचारलं.

"शेपटीला," शिन म्हणाली. रुईयिंग इतकी हसली की तिला खोकला आला.

"आणि बचनाग पंधराच ग्रॅम? माझे गुरू तीस घालत."

"पंधराच. मास्तर, बचनाग म्हणजे जळण नाही, फुंकणी आहे. विझत्या चुलीवर हळूच फुंकायचं असतं. जोरात फुंकलं की राख आपल्याच डोळ्यांत. आणि आधी तो एकटा तासभर उकळायचा. गोळ्याही चालू ठेवायच्या."

मास्तरांनी मान हलवली आणि मनात वेगळंच म्हटलं. डॉक्टरीण भित्री आहे. शिवाय तिला कुठंतरी निबंध छापायचाय, त्यात रुईयिंग म्हणजे तिचा मोठा उंदीर.

रविवारी दुपारी त्यांनी स्वतः मातीचं भांडं गॅसवर चढवलं. हूबाईंनी तपासून बंद केलेली पुडी उघडली. त्यात बचनागाचे पंधरा ग्रॅम मोजून होते. पंधरा ग्रॅम मेलेला माल म्हणजे शून्य, असा त्यांचा हिशेब. त्यांनी खिशातल्या नमुन्याची मूठ भरली. ही मूठ साऱ्या तालुक्यात प्रसिद्ध होती, काट्याची गरजच नसे तिला. तीस म्हटलं की तीस. मूठ भांड्यात गेली.

"तासभर ना?" रुईयिंगनं विचारलं. ती शेजारच्या शेगडीपाशी स्टुलावर बसून टोफू परतत होती.

"घड्याळ कशाला पाहिजे? जीभ आहे."

यात ते खोटं काहीच बोलत नव्हते. या औषधाचा नियमच तसा आहे, आणि तो प्रत्येक पोथीत आहे. काढा चाखून पाहायचा, जीभ बधिर होत असेल तर विस्तव तसाच ठेवायचा, आणि बधिर व्हायची थांबली की समजायचं, जहर गेलं, औषध उरलं. मास्तरांनी वीस मिनिटांनी चमचाभर काढा फुंकून जिभेवर घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. काही नाही.

"बघ, सांगत होतो ना?" ते जवळजवळ आनंदानं म्हणाले. "पंचेचाळीस ग्रॅम घालून वीस मिनिटांत गार. अजून उकळला तर होता नव्हता तोही जीव जायचा." त्यांनी सुंठ, ज्येष्ठमध आणि पिवळी मुळी वर टाकली, दोन उकळ्या दिल्या, आणि काढा गाळून तिच्या हातात दिला.

रुईयिंग तो डोळे मिटून एका दमात प्यायली. मग तिनं ताटं वाढली. टोफू छान लालसर झाला होता, आणि मास्तर खाता खाता गुओच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

"मास्तर," ती म्हणाली. घरातही ती त्यांना याच नावानं हाक मारायची, चिडवायला म्हणून सुरुवात केली होती आणि तेच राहिलं होतं. "माझे ओठ बधिर झालेत रे."

"तिरफळ कमी घालत जा की."

"मी कुठं तिरफळ खाते? डॉक्टरिणीनं माझं तिखट बंद केलंय, दोन महिने झाले."

"मग हे?" त्यांनी आपल्या वाडग्याकडे बोट केलं.

"ते तुझ्यापुरतं घातलंय. लान वहिनींकडून ताजं मागून आणलं, खास तुझ्यासाठी. चार चमचे. म्हटलं, आता तरी तिच्या टपरीवर भांडायचा थांबशील." ती ओठांवरून बोट फिरवत म्हणाली. "कसं लागतंय? काही बोलला नाहीस."

मास्तरांनी वाडग्यात पाहिलं. अर्धा संपला होता. उरलेल्या टोफूवर तिरफळाची तांबूस टरफलं गच्च चिकटलेली होती, लांबूनही दिसावीत इतकी. त्यांनी एक टरफल उचलून चावलं. मग तीन एकदम. मग चमचाभर. तोंडात लाकडाची ढलपी चावल्यासारखं वाटलं. झिणझिणी नाही, मुंगी नाही, काहीही नाही. जीभ तोंडात नुसती पडून होती.

ते मोजत होते. दहापर्यंत पोचले आणि त्यांनी चमचा खाली ठेवला. टपरीतला ट्रकवाला, हूबाईंचा रुमाल, परत पाठवलेल्या तीन गोण्या, पाणचट शिरका, गरम पाण्याचा चहा, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. बचनाग मेलेला नव्हता.

"आता बोटांनाही," रुईयिंग म्हणाली, आणि तिच्या हातातली चॉपस्टिक खाली पडली.

त्यांनी तिचं मनगट धरलं. ते वैद्य नव्हते, पण अडतीस वर्षं वैद्यांच्या शेजारी उभे होते. नाडी तीन उड्या मारत होती आणि मग कुठंच नव्हती. पुन्हा दोन उड्या. मास्तरांनी आयुष्यात इतकी भीती कधी अनुभवली नव्हती. त्यांनी तिला पाठुंगळीस घेतलं आणि चार मजले उतरले, एकदाही न थांबता.

"म्हाताऱ्या, पडशील," ती त्यांच्या कानाशी पुटपुटली.

"बोलत राहा," ते म्हणाले. "शिव्या दे मला. बोलत राहा."

शिन डॉक्टरीण सुट्टीवर होती, ती घरच्या चपलांवर रुग्णालयात धावत आली. पोट धुतलं, सलाईन लावलं, हृदयाच्या यंत्रावर वेडीवाकडी रेघ पळत होती. तिनं पाठमोरीच विचारलं, "किती ग्रॅम?"

"पंधरा. आणि वर तीस."

"किती वेळ उकळलं?"

"वीस मिनिटं. वर दोन उकळ्या."

तिचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले. "चाखलं नव्हतंत?"

"चाखलं होतं," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्रावरची रेघ ताळ्यावर आली. रुईयिंगनं डोळे उघडून आधी पाणी मागितलं, मग मास्तरांकडे पाहिलं. "गावभर भेसळ शोधत हिंडलास," ती क्षीण आवाजात म्हणाली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा." मास्तर तिच्या उशाशी बसून रडले. त्यांना कुणी रडताना पाहिलेलं नव्हतं, तिनंही नाही.

शिननं त्यांना आपल्या खोलीत बसवून डोळे मिटायला लावले आणि कापसाच्या बोळ्यांनी जिभेवर एकेक थेंब लावला. मीठ, साखर, लिंबू, कारल्याचा रस, शेवटी तिरफळाचं तेल. पाचांत त्यांनी एक ओळखलं, साखर, तीही अंदाजानं.

"त्या तापानंतर पुष्कळांचं असं झालंय, मास्तर. हळूहळू जातं, म्हणून कळत नाही. तुम्ही एकटे नाही."

"बाकीचे बचनाग चाखत नाहीत," मास्तर म्हणाले.

संध्याकाळी उपप्रमुख पानसाहेबांनी बोलावलं. ते भले गृहस्थ होते. त्यांनी दार लावून घेतलं आणि आवाज उतरवला. "मास्तर, तुमच्या अडतीस वर्षांना डाग लागू देणार नाही मी. माल कच्चा निघाला असं लिहू. गुओबद्दल तुमच्या तक्रारी वर्षभर कागदावर आहेतच. वाक्यं तयार आहेत, तुम्ही खाली सही करा."

काचेतून बाहेरच्या बाकावर गुओ दिसत होता. त्याला कुणीतरी बातमी दिली असावी. संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन तो बसला होता आणि चेहरा राखेसारखा झाला होता. या माणसाला एकदा तरी रंगेहाथ पकडावं म्हणून मास्तरांनी वर्षभर डोळ्यांत तेल घातलं होतं. आता नुसती सही करायची होती.

त्यांनी कागद वाचला, शेवटपर्यंत वाचला, आणि उलटा करून कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार होतं. माल चांगला होता. माप मी वाढवलं. विस्तव मी लवकर बंद केला. माझ्या जिभेला चव नाही. याआधी परत पाठवलेल्या तीन गोण्याही चांगल्याच असाव्यात, त्याबद्दल गुओ यांची माफी मागावी. यापुढं माल हूबाईंनी चाखावा, त्यांची जीभ शाबूत आहे.

"हे लिहिल्यावर तुम्हाला ठेवता येणार नाही," पानसाहेब म्हणाले.

"ठेवूही नका."

बाहेर येताना ते गुओसमोर थांबले. गुओ उठून उभा राहिला. आपण काय लिहिलं ते मास्तरांनी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. मग त्यांनी पिशवीतलं एक संत्रं उचललं, सोललं आणि एक फोड तोंडात टाकली.

"गोड आहे," ते म्हणाले. दोघांनाही माहीत होतं की त्यांना ते कळलेलं नाही.

मार्चच्या अखेरीस रुईयिंग जिना एकदाच थांबून चढू लागली. बचनाग कायमचा बंद झाला होता, गोळ्या आणि पिवळी मुळी चालू होती, काढा रुग्णालयातच तयार होऊन यायचा. चौकात ती जायची, पण पहिल्या रांगेत नाही. कडेच्या बाकावर बसून नुसते हात हलवायची. मधली जागा आता दुसऱ्याच कुणाची होती आणि ती बाई चुकायची, असं रुईयिंगचं म्हणणं होतं.

एका सकाळी मास्तर तिला घेऊन लान वहिनींच्या टपरीवर आले. ते बरेच दिवसांनी आले होते. काय झालं ते साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं, म्हणून कुणी काही विचारलं नाही. वहिनींनी दोन वाडगे भरले, एक साधा, एक नेहमीचा, आणि बरणी उघडली. एकच बरणी होती.

"किती चमचे, मास्तर?"

"घालू नकोस. वाया जातं."

वहिनींचा हात बरणीवर तसाच राहिला. मग त्यांनी झाकण लावलं. टपरीत कुणी हसलं नाही.

"मला दे एक," रुईयिंग म्हणाली. "एकच दाणा. डॉक्टरिणीला सांगू नका कुणी."

तिनं तो दाणा दातांखाली धरला. मास्तरांच्या चॉपस्टिक्स हातातच थांबल्या. ते तिच्या ओठांकडे बघत राहिले आणि नकळत मोजू लागले. वीस झाले, तीस झाले. तिचा खालचा ओठ किंचित थरथरला.

"आल्या?" त्यांनी विचारलं.

"आल्या. चांगल्या आल्या."

"वहिनी, तिरफळ चांगलं आहे तुझं," मास्तर म्हणाले, आणि वाडग्यावर वाकून नूडल्स खाऊ लागले.